मोर्शीची सहा प्रश्नचिन्हं

"माय, फारम तं खुलून रायला, पण गावाच्या जागी हे प्रश्नचिन्ह काऊन येऊन रायले?"

सकाळी सात वाजता नर्सरीवाल्या काकांचा फोन. वऱ्हाडात वडीलधारी माणसं लेकीसारख्या बाईला 'माय' म्हणतात, तसं ते मला म्हणतात. मी मोर्शीला राहते आणि बंद पडलेल्या, बिघडलेल्या वेबसाईट दुरुस्त करते. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक लॅपटॉप आणि लाईट गेली तर इन्व्हर्टर, एवढाच पसारा. गिऱ्हाइकं म्हणजे शाळा, पतसंस्था, मंगल कार्यालयं आणि या संत्रापट्ट्यात असायच्याच अशा कलमांच्या नर्सऱ्या.

मे महिना होता. पावसाळ्यातल्या लागवडीसाठी कलमांची नोंदणी याच दिवसांत जोरात असते. काकांच्या साईटवर फॉर्म आहे: नाव, गाव, फोन, किती कलमं. त्या सकाळी यादी उघडून पाहिली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. जुन्या सगळ्या नोंदींमध्ये डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन 'ए', मग दोन विचित्र चिन्हं, पुन्हा तसंच 'ए', असा भलताच मजकूर. आणि गेल्या आठ दिवसांतल्या नोंदींमध्ये नुसती प्रश्नचिन्हं. आठ दिवसांपूर्वी ती साईट दुरुस्त केली होती मीच.

तेव्हाचा बिघाड वेगळा होता. काकांच्या होस्टिंगवाल्याने साईट नव्या सर्व्हरवर हलवली आणि सगळं पान बंद पडलं. गंभीर बिघाड झाला आहे, एवढं एक वाक्य दिसायचं. वर्डप्रेसच्या ५.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, असा बिघाड झाला की साईटच्या मालकाला ईमेल जातो आणि त्यातल्या दुव्यावरून आत शिरून दुरुस्ती करता येते. काकांच्या साईटचा तो ईमेल मात्र २०१३ साली साईट बनवून दिलेल्या मुलाकडे जात होता. तो केव्हाच पुण्याला नोकरीला लागलेला.

वर्डप्रेस काय आहे हे मी काकांना त्यांच्याच भाषेत सांगितलं होतं. जंबेरीच्या खुंटावर आपण नागपुरी संत्र्याचा डोळा बांधतो. वर्डप्रेस हा खुंट. २००३ पासून तो फुकट मिळतो, आणि जगातल्या दर पाच वेबसाईटपैकी निदान दोन त्याच्यावर उभ्या आहेत. फॉर्म, फोटोंची पट्टी, पैसे भरायची सोय हे त्याच्यावर बांधलेले डोळे, म्हणजेच प्लगइन. आणि ज्या मातीत हे सगळं उभं आहे ती माती म्हणजे पीएचपी ही संगणकभाषा. रास्मुस लेर्डॉर्फ याने १९९५ साली ती लोकांसमोर आणली, तेव्हा तो स्वतःच्या वेबपानासाठी केलेल्या अवजारांचा संच होता.

फरक एकच, आणि तो फार मोठा. शेतात डोळा मेला तरी खुंट जगतो, पुन्हा बांधता येतो. वर्डप्रेसमध्ये खुंट आणि डोळा यांच्यामध्ये भिंतच नाही. प्लगइनमधली ओळ आणि मूळ वर्डप्रेसमधली ओळ एकाच दमात, एकाच अधिकाराने चालते. म्हणून एका प्लगइनची एक ओळ अडली की सगळं झाड आडवं होतं. कुठलंही प्लगइन टाकताना मी आधी पाहते ते शेवटचं कधी सुधारलं गेलंय. दोन-तीन वर्षं कुणी हात लावलेला नसेल, तर ते कितीही देखणं असो, मी टाकत नाही.

असा बिघाड शोधायची रीत साधी आहे. साईटच्या फायलींमध्ये प्रत्येक प्लगइनचा एक फोल्डर असतो. संशय असलेल्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदलायचं, मागे 'बंद' असं काहीही जोडायचं. वर्डप्रेसला ते प्लगइन सापडत नाही, वर्डप्रेस ते सोडून देतं आणि साईट उघडते. मग चुकांची नोंदवही चालू करायची आणि शेवटची ओळ वाचायची. तिथे फाईलचं नाव आणि ओळीचा क्रमांक लिहिलेला असतो. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं ती ओळ न वाचताच घाबरून सगळं पुसून टाकतात.

काकांच्या नोंदवहीत स्पष्ट लिहिलं होतं: डेटाबेसशी जोडणारी आज्ञाच सापडत नाही. त्या मुलाने स्वतः लिहिलेलं नोंदणीचं प्लगइन जुन्या पद्धतीने डेटाबेसशी बोलत होतं. ती पद्धत पीएचपीच्या ७.० आवृत्तीतून, २०१५ च्या डिसेंबरात, काढून टाकली गेली. जुन्या सर्व्हरवर जुनीच पीएचपी होती म्हणून कुणाला कळलं नाही. नव्या सर्व्हरवर पीएचपी ८ होती. मी जुन्या आज्ञांच्या जागी नव्या घातल्या, फॉर्म उघडला, चाचणी म्हणून माझं नाव इंग्रजीत टाकलं, गाव इंग्रजीत टाकलं, नोंद बरोबर उमटली. मी काकांना "झालं" म्हणून कळवलं आणि झोपले.

इंग्रजीत टाकलं, ही माझी चूक.

संगणक अक्षर ओळखत नाही, तो बाइट ठेवतो, म्हणजे शून्य ते २५५ मधला एक आकडा. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला युटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट लागतात. 'मोर्शी' घ्या: म, काना-मात्रेची खूण, र, हलन्ताची खूण, श, दीर्घ वेलांटी. सहा खुणा, अठरा बाइट. आता डेटाबेसला जर वाटलं की हे लॅटिन-१ आहे, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांची पद्धत, जिथे एक बाइट म्हणजे एक अक्षर, तर तो मोर्शीऐवजी अठरा भलतीच अक्षरं दाखवेल. देवनागरीच्या प्रत्येक खुणेचा पहिला बाइट एकच असतो, आणि तोच ते डोक्यावर रेघ असलेलं 'ए'. म्हणून मराठीचा असा कचरा मला लांबूनही ओळखू येतो.

काकांच्या नोंदींचा तक्ता लॅटिन-१ मध्येच होता. मायएसक्यूएल हा डेटाबेस स्वीडनमध्ये जन्मला. त्याच्या आठव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, वेगळं काही न सांगितल्यास तो लॅटिन-१ आणि स्वीडिश वर्णक्रम धरून चालायचा. आमच्या वरुड-मोर्शीच्या शेतकऱ्यांची नावं इतकी वर्षं स्वीडिश क्रमाच्या रकान्यात पडून होती. जुनं प्लगइन बाइट जसेच्या तसे आत टाकायचं, तसेच बाहेर काढायचं, म्हणून सगळं नीट दिसायचं. मी घातलेल्या नव्या आज्ञांनी डेटाबेसला सांगितलं, आम्ही युटीएफ-८ बोलतो, आणि त्याने प्रामाणिकपणे भाषांतर सुरू केलं.

मोर्शी तालुक्यातल्याच रिद्धपूरला महानुभावांच्या पोथ्यांची मोठी परंपरा आहे. त्या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षरं पानावर शाबूत होती, पण कोणती खूण कोणत्या अक्षराची हे माहीत नसलेल्याला त्यातून काही कळत नव्हतं. किल्ली मिळाल्यावर तीच पानं वाचता आली. काकांच्या जुन्या नोंदी तशाच होत्या: बाइट शाबूत, किल्ली चुकीची.

म्हणून मी काकांना पहिलं वाक्य म्हटलं ते, "काका, आता त्याले कोनी हात नका लावू." आधी सगळ्या डेटाबेसची प्रत काढली आणि ती प्रत माझ्या लॅपटॉपवर उघडून पाहिली, कारण उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नसते. मग त्या प्रतीवर उपाय केला. रकान्याला आधी सांगायचं की तू अक्षरं नाही, नुसते बाइट ठेवतोस. तो बाइटांना हात लावत नाही. मग दुसऱ्या आज्ञेने सांगायचं की हे बाइट युटीएफ-८ आहेत. थेट "लॅटिनचं युटीएफ कर" म्हटलं असतं तर कचरा पक्का झाला असता. पहिल्या ओळीतलं नाव उमटलं, गाव उमटलं: शेंदुरजना घाट. मग खाली सगळी यादी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही.

राहिल्या त्या आठ दिवसांतल्या एकेचाळीस नोंदी. त्यांचं दुखणं निराळं होतं. डेटाबेसला कळत होतं की हे 'म' आहे, पण लॅटिन रकान्यात 'म' ठेवायला जागाच नाही. कडक तपासणी चालू असती तर त्याने नोंद नाकारली असती. त्या सर्व्हरवर ती बंद होती, म्हणून त्याने प्रत्येक खुणेच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहिलं आणि मूळ बाइट टाकून दिले. कचरा परत मिळतो, प्रश्नचिन्ह परत मिळत नाही. मराठी साईट सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हा फरक लक्षात ठेवावा.

पण फोन नंबर शाबूत होते. इंग्रजी आकडे एका बाइटात मावतात. नर्सरीतल्या मांडवात बसून काका आणि मी एकेक नंबर फिरवत गेलो. नंबर लागत नसेल तिथे प्रश्नचिन्हं मोजायची. तीन, जागा, सात: नेर पिंगळाई. पाच म्हणजे तिवसा असेल. चार म्हणजे वरुड. सहा आली की अडचण, कारण मोर्शीलाही सहा, अंबाड्यालाही सहा, अचलपूरलाही सहाच. काका कलमांचा आकडा पाहून म्हणायचे, "पाचशे झाडं? हा अंबाड्याचाच असन." बहुतेक वेळा ते बरोबर निघाले.

त्यानंतर मी मराठी साईटवरचं प्रत्येक प्लगइन 'मोर्शी' लिहून तपासते. ही प्लगइन लिहिणारी बरीच माणसं इंग्रजीत लिहून पाहतात आणि सोडून देतात. आपण आपल्या अक्षरांनी पाहिलं नाही तर कुणीच पाहणार नाही. वर्डप्रेस कितीतरी गोष्टी साठवताना मजकुराआधी त्याची लांबी लिहितं, आणि ती बाइटांत मोजलेली असते. मोर्शीपुढे अठरा लिहिलेलं असतं. एका साईटचा पत्ता सुरक्षित करताना कुणीतरी डेटाबेसमध्ये सरसकट 'एचटीटीपी'च्या जागी 'एचटीटीपीएस' केलं. एक अक्षर वाढलं, लिहिलेली लांबी जुनीच राहिली, पीएचपीला हिशेब जुळेना आणि मुखपृष्ठाची सगळी मांडणी गेली. हे काम लांबी सुधारत जाणाऱ्या साधनानेच करावं, साध्या शोध-बदलाने नाही.

आणखी एक खाच आहे. मायएसक्यूएलमध्ये ज्याला नुसतं 'युटीएफ-८' म्हणत, त्यात तीन बाइटांपर्यंतच अक्षर मावतं. देवनागरी बसते, पण संत्र्याचं ते छोटं चित्र, जे आमचे लोक प्रत्येक जाहिरातीत टाकतात, ते चार बाइटांचं. जुन्या साईटवर त्या चित्राच्या पुढचा मजकूरच कापला जायचा. २०१४ साली युनिकोडमध्ये आलेली आपली मोडी लिपीही चार बाइटांची आहे. म्हणून तक्त्याची पद्धत 'युटीएफ-८ एमबी-४'च हवी. वर्डप्रेसने स्वतः ती २०१५ साली, ४.२ आवृत्तीत घेतली, पण प्लगइनचे स्वतःचे तक्ते मागे राहू शकतात. ते तपासा.

एकेचाळीसपैकी अडतीस नोंदी आम्ही नाव-गावासकट परत लिहिल्या. उरलेल्या तिघांनी फोन नंबर मराठी आकड्यांत टाकला होता, त्यामुळे तिथेही दहा प्रश्नचिन्हं. एक जण जुलैत स्वतः नर्सरीत आला आणि आपली कलमं घेऊन गेला. बाकी दोघांची कलमं काकांनी पोळ्यापर्यंत वेगळी ठेवली होती. ते आले नाहीत.