परातीतला समुद्र

इ. स. १६७९ साली बोलोन्याच्या एका सरदार घराण्यातील लुईजी फेर्दिनांदो मार्सिल्यी नावाचा, वयाची एकविशी नुकतीच गाठलेला तरुण व्हेनिसच्या वकिलाच्या लवाजम्याबरोबर कॉन्स्टँटिनोपलला जाऊन पोचला, आणि तेथील मुक्कामात बॉस्फरसच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत मासे धरणाऱ्या कोळ्यांची एक विलक्षण हकीकत त्याच्या कानी आली. वरचे पाणी काळ्या समुद्राकडून मार्मारा समुद्राकडे वाहते हे तर काठावर उभ्या असलेल्या कोणाच्याही डोळ्यांना दिसत होते. परंतु जाळे खोल सोडले, म्हणजे खालच्या अंगाला ते नेमके उलट दिशेने ओढले जाते, असे ते कोळी सांगत. मार्सिल्यीने ही गोष्ट ऐकून सोडून दिली नाही. पांढरा रंग दिलेले बुचाचे तुकडे दोरीला बांधून त्याने ती दोरी पाण्यात सोडली, ठराविक खोलीच्या खाली ते तुकडे उलट्या बाजूस जाताना पाहिले, दोन्ही पाण्यांचे नमुने तोलून खालचे पाणी अधिक जड, म्हणजेच अधिक खारट, असल्याची खातरजमा केली. आणि अखेर एक पेटी घेऊन तिच्या मध्यावर आडभिंत घातली, भिंतीला एक भोक वर व एक तळाशी ठेवले, एका कप्प्यात रंग घातलेले जड पाणी आणि दुसऱ्यात हलके पाणी भरले. भोके मोकळी होताच जड पाणी तळाच्या भोकातून पलीकडे आणि हलके पाणी वरच्या भोकातून अलीकडे वाहू लागले. १६८१ मध्ये रोम येथे त्याने हा वृत्तांत छापून प्रसिद्ध केला.

मुलांना समुद्र शिकविण्यासाठी वर्गात प्रयोग मांडू पाहणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने या पेटीचा दाखला मनाशी बाळगावा, असे मला फार वाटते. तिच्यात सामान होते ते कोणत्याही सुताराकडे मिळण्याजोगे. पण पेटी करण्यापूर्वी कोळ्यांचे बोलणे होते, त्या बोलण्यातून उपजलेला प्रश्न होता, आणि प्रश्नाने पेटीचा आकार ठरविला होता. आपल्याकडे पुष्कळदा हा क्रम उलटा होतो. प्रदर्शनासाठी निळ्या रंगाचे पाणी, पुठ्ठ्याचे मासे आणि थर्माकोलची बेटे असा सरंजाम आधी जमतो, आणि त्यातून मुलाने काय ओळखावयाचे हे कोणीच ठरविलेले नसते.

माझी पहिली नेमणूक गोदाकाठच्या एका तालुक्यात झाली. वर्गातील एकाही मुलाने समुद्र पाहिलेला नव्हता. मार्सिल्यीची पेटी आपल्या वर्गात व्हावी या उत्साहाने मी काचेची एक टाकी मिळविली, मध्ये फळी बसविली, तिच्या कडा मेणाने लिंपल्या आणि आदल्या दिवशी एकदाही अजमावून न पाहता ती वर्गात नेली. भोकांची बुचे काढण्यापूर्वीच पाणी फळीच्या कडेने पाझरले, दोन्ही रंग एकमेकांत मिसळले आणि सगळे पाणी जांभळे झाले. याचे दुःख मला नाही. संध्याकाळी वह्या तपासताना मात्र मी खिन्न झालो, कारण एकूणएक मुलाने लिहिले होते, की जड पाणी खालून व हलके पाणी वरून वाहिले. जे घडले ते कोणीच लिहिले नव्हते. जे घडावयास हवे होते असे मी सांगितले होते, ते सर्वांनी लिहिले होते. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा गुरुजींच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचा शिरस्ता त्या दिवशी माझ्या हातून अधिक घट्ट झाला. तेव्हापासून रात्री घरी दोनदा साधल्याशिवाय एकही प्रयोग मी वर्गात नेलेला नाही. मुलाला आपल्या डोळ्यांवर विसंबता यावे, एवढ्याचसाठी ही तालीम करावयाची असते.

पेटीऐवजी मी पुढे लोणच्याच्या, सारख्या तोंडाच्या दोन काचेच्या बरण्या वापरू लागलो. एकीत साधे पाणी आणि दुसरीत लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेले पाणी, म्हणजे साधारणपणे महासागराच्या सरासरी खारटपणाचे, काठोकाठ भरावयाचे. खाऱ्या पाण्यात दोन थेंब शाई घालावयाची. हळद घालू नये, ती विरघळत नाही व तळाशी बसते, आणि मूल भलत्याच गोष्टीकडे पाहत राहते. साध्या पाण्याच्या बरणीच्या तोंडावर क्ष-किरणांची जुनी, धुतलेली फिल्म ठेवून ती बरणी परातीत ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या बरणीवर उपडी करावयाची, आणि एकाने दोन्ही बरण्या घट्ट धरल्यावर दुसऱ्याने फिल्म अलगद आडवी ओढून घ्यावयाची. वर स्वच्छ, खाली निळे, आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ: ती रेघ कित्येक मिनिटे हलत नाही. हाच प्रयोग खारे पाणी वर ठेवून केला, की फिल्म सरकताच निळे पाणी धुरासारखे खाली कोसळते. यानंतर पहिली जोडी हलक्या हाताने परातीत आडवी करावी. थोडे पाणी सांडते, त्याची फिकीर करू नये. निळे पाणी तळाने एका बाजूस आणि स्वच्छ पाणी वरून दुसऱ्या बाजूस सरकताना दिसते, आणि बॉस्फरस आपल्या परातीत अवतरतो.

गोदाकाठच्या त्या मुलांपाशी या बरण्यांचा एक निराळाच धागा येऊन पोचला. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणारी त्यांची नदी बंगालच्या उपसागराला मिळते. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, कृष्णा यांचेही पाणी तेथेच जाते. म्हणून त्या उपसागराच्या पृष्ठभागावर कमी खारट, हलक्या पाण्याचा थर पसरलेला असतो, तो खालच्या थंड पाण्यात सहजासहजी मिसळत नाही, आणि चक्रीवादळांना लागणारी ऊब वरच्यावर राहण्यास त्याचे साहाय्य होते. अरबी समुद्रात मोठ्या नद्या थोड्या, बाष्पीभवन फार, शिवाय तांबड्या समुद्राचे व इराणच्या आखाताचे अतिखारट पाणी त्यात येऊन मिळते. म्हणून तो अधिक खारा. ही हकीकत नकाशावर बोट ठेवून सांगितली असती तर ती मुलांनी पाठ केली असती. बरण्यांतील वरच्या स्वच्छ थराकडे बोट दाखवून "यात आपल्या घाटावरचे पाणी आहे" असे म्हणताच मात्र मागच्या बाकावरची मुले उठून पुढे आली.

माझ्या अनुभवात सर्वांत गुणकारी ठरलेला प्रयोग बर्फाचा आहे. दोन पेले, एकात गोडे व दुसऱ्यात खारे पाणी. दोन्हींचे तपमान एकच हवे, म्हणून मीठ तासभर आधीच विरघळवून ठेवावे. शाई घालून गोठविलेला एकेक सारख्या आकाराचा खडा दोहोंत सोडावयाचा. त्यापूर्वी प्रत्येक मुलाकडून खडा कोठे आधी वितळेल याचे उत्तर वहीत लिहवून घ्यावे व मते फळ्यावर मोजावीत. ही पायरी कधीही गाळू नये. मिठाने बर्फ लवकर वितळतो हे कुल्फीवाल्याच्या हंड्यामुळे मुलांना ठाऊक असते, त्यामुळे बहुतेक सर्व हात खाऱ्या पाण्याच्या बाजूने वर होतात. आणि थोड्याच वेळात गोड्या पाण्यातला खडा अर्धा उरतो, खाऱ्यातला मात्र जवळजवळ तसाच तरंगत राहतो. वर्गात गलका होतो. त्या वेळी शिक्षकाने कारण सांगण्याची घाई करू नये; शाई कोठे गेली ते पाहा, एवढेच म्हणावे. गोड्या पाण्यात थंड निळ्या पाण्याचा धागा खड्याखालून तळाकडे उतरत असतो आणि त्याची जागा घ्यायला कोमट पाणी सतत वर येत असते. खाऱ्या पाण्यात वितळलेले गोडे पाणी हलके असल्यामुळे वरच साचते, आणि खडा आपल्याच थंड पाण्याची गोधडी पांघरून बसतो. हे एखाद्या मुलीने आपल्या शब्दांत उच्चारेपर्यंत तासातली दहा मिनिटे गेली तरी ती सत्कारणी लागली असे मी मानतो. उत्तर अटलांटिकमध्ये थंड, खारे पाणी खोल बुडून सागराचे मोठे अभिसरण चालू ठेवते, आणि वितळलेल्या हिमाचे गोडे पाणी तेथे वर पसरले तर त्या बुडण्यास अडथळा होतो, हे मग दोन वाक्यांत समजते.

समुद्राच्या तळाचे ज्ञान कसे झाले हे सांगण्यासाठी बुटांचे खोके पुरते. आत शाडूच्या मातीचा डोंगर, त्याच्या माथ्यावर एक खोल घळ. झाकणाला ओळीने पंचवीस भोके. आणि सेंटिमीटरच्या खुणा केलेली विणायची सुई. एका गटाला पाचच भोकांतून सुई घालण्याची मुभा द्यावी, दुसऱ्याला सर्व. पहिला गट आलेखाच्या कागदावर बहुधा सरळ, सपाट तळ काढतो; दुसऱ्याला डोंगरही सापडतो व घळही. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने साऱ्या महासागरांत मिळून सुमारे ५०० ठिकाणी खोल पाण्याचा ठाव घेतला, म्हणजे भोके फारच थोडी होती. पुढे प्रतिध्वनीने खोली मोजता येऊ लागल्यावर आकड्यांचे ढीग जमले, आणि न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेत मेरी थार्प ही विदुषी ते आकडे कागदावर मांडीत बसली. स्त्री म्हणून तिला संशोधन-जहाजावर प्रवेश नव्हता, तो १९६८ मध्ये मिळाला. अटलांटिकच्या मध्यावरील पर्वतरांगेच्या माथ्यावर लांबच लांब घळ आहे हे तिने १९५२ च्या सुमारास, समुद्रावर न जाता, टेबलाशी बसून ओळखले. खोक्यात घळ सापडलेल्या मुलींना हे जरूर सांगावे.

खारे वारे व मतलई वारे यांसाठी वाळूचे आणि पाण्याचे अशी दोन ताटे उन्हात ठेवून तापमापकाने तपमान नोंदले, की काम होते. त्याचा विस्तार येथे करीत नाही. शंखशिंपले जमविण्यास मुलांना पाठवावयाचे असल्यास मात्र रिकामेच आणावयाचे, आत जीव असेल तो जेथून घेतला त्याच खडपात परत ठेवावयाचा, अशी सक्त ताकीद शिक्षकाने द्यावी.

पुढे माझी बदली रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या शाळेत झाली, आणि तेथे भरती-ओहोटीचा पाठ मी पंचांग घेऊन मांडला. आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा, की पक्षातील तिथीची पाऊणपट करावी, येईल त्या तासाच्या सुमारास भरती पूर्ण होते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र पुढे सरकतो म्हणून भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. पाऊण तासाचा हा आडाखा त्याच्या किती जवळचा आहे! मुलांनी महिनाभराचा तक्ता केला: तिथी, हिशेबाने आलेली वेळ, आणि धक्क्याच्या पायरीवर खडूने खूण करून प्रत्यक्ष पाहिलेली वेळ, असे तीन रकाने.

तिसऱ्या रकान्यातील वेळा दुसऱ्याशी जुळेनात. रोज पाणी उशिरा चढे. कित्येकांनी खाडाखोड करून त्या जुळवून आणल्या. पण एका खारव्याच्या मुलाने आपले आकडे तसेच ठेवले होते. मी कारण विचारले, तेव्हा तो उठून म्हणाला, "गुरुजी, आजोबांना विचारलं मी. ते म्हणाले, तो हिशोब दर्याचा. पाणी खाडीच्या तोंडातून आत आपल्या धक्क्यापर्यंत चढायला वेळ लागतोच की!" दुसऱ्या दिवशी दोन मुलांना खाडीच्या तोंडाशी आणि दोघांना धक्क्यावर घड्याळ देऊन बसविण्याची तजवीज केली, आणि तक्त्यात चौथा रकाना आखला.