सेवाकार्यानंतरचे लेखन : प्रश्न कसे घालावेत?

२४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि खेड्यांत, वस्त्यांत जाऊन काम करणे हा महाविद्यालयीन शिक्षणाचा परिचित भाग झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर समाजसेवेच्या श्रेयांकयुक्त अभ्यासक्रमांचाच पुरस्कार केला आहे. मात्र काम आटोपल्यावर विद्यार्थ्यांकडून जे लिहून घ्यावयाचे, त्याचा विचार आपण शिक्षक फारसा करीत नाही. ‘शिबिरातील माझा अनुभव’ हा विषय घातला की वह्या भरतात. त्यांत सूर्योदय असतो, ग्रामस्थांचे आतिथ्य असते आणि अखेरीस लेखक धन्यही होतो! हा दोष विद्यार्थ्यांचा नव्हे, प्रश्नाचा होय.

विचाराचा आरंभ संभ्रमातून होतो, असे जॉन ड्यूई यांनी १९१० साली ‘हाऊ वुइ थिंक’ या ग्रंथात प्रतिपादिले. आमच्या मते प्रश्नानेही हा संभ्रमच शोधावा. समजा, बेळगावकडील एखाद्या प्रौढ साक्षरता वर्गात विद्यार्थी शिकवावयास गेला. त्यास ‘काय वाटले?’ असे न विचारता ‘तुमचा अंदाज कोठे चुकला?’ असे विचारावे. मग तो कदाचित लिहील की, पाटीवरील ‘क’ न ओळखणारी बाई बसवरची कन्नड पाटी मात्र नुसत्या आकारावरून बिनचूक ओळखते. येथे ‘निरक्षर’ या शब्दाचा अर्थच डळमळू लागतो. आता दुसरा प्रश्न घालता येतो : वर्गात शिकलेली कोणती कल्पना या प्रसंगाने पटली वा खोटी ठरली? तिसरा अर्थातच, पुढील खेपेस काय बदलाल?

हा क्रम मोडू नये. प्रथम घडले ते विशेषणांवाचून लिहावे, अर्थ मागाहून लावावा. कामावर जाण्यापूर्वी आपली अपेक्षा अर्ध्या पानात लिहवून ती शिक्षकाने जपून ठेवावी व शेवटी परत द्यावी. चुकलेला अंदाज तीतच सापडतो. अखेरच्या दहा पानांपेक्षा दर आठवड्याचे अर्धे पान आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

गुणांचा प्रश्न नाजूक आहे. ते भावनेस देऊ नयेत, कामाच्या तासांसही नव्हे. निरीक्षणावरून निष्कर्षाप्रत विद्यार्थी कसा पोचला, त्यास द्यावेत. एरवी तो आपल्याला हवा तेवढा पश्चात्ताप लिहून देतो. वस्तीतील माणसांची नावे लेखनात येऊ देऊ नयेत, हे पहिल्याच दिवशी सांगावे. त्या बाईने आपली कथा वर्गात वाचली जावी म्हणून सांगितलेली नसते.