कुरणातली शाळा

मुले शाळेत येत नाहीत, ही शिक्षकांची जुनीच तक्रार आहे. शाळाच मुलांकडे न्यावी, हे मात्र फार थोड्यांना सुचते. अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या वाटचालीचे मोल यातच आहे.

बालवैधव्य वाट्यास आलेल्या अनुताईंनी अध्यापनाचा पेशा पत्करला आणि पुण्याच्या हुजूरपागेत काही वर्षे शिकविले. १९४५ साली त्या ताराबाई मोडक यांच्या कार्यात बोर्डीला दाखल झाल्या. शहरातील नोकरी सोडून खेड्यात जाणे हे त्या काळी एका स्त्रीसाठी साधे धाडस नव्हते! बोर्डीत पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा शिक्षिका त्यांच्या अंगणात गेल्या. ‘अंगणवाडी’ची कल्पना या प्रयोगातलीच होय.

१९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे अंगणही पुरेना. वारल्यांची मुले दिवसभर रानात गुरे राखीत. ती शाळेत बसली, तर गुरांमागे कोणी जावे? आईबापांचा हा प्रश्न रास्तच होता. मग शाळा रानात गेली आणि ‘कुरणशाळा’ जन्मास आली. तत्त्व मॉन्टेसरीबाईंचे असले, तरी त्यांची महागडी साधने येथे परवडणारी नव्हती. खडे, बिया, पाने, शिंपले हीच मोजणीची, वर्गीकरणाची साधने ठरली. झाडापाखरांची ओळख मुलांना होतीच, बहुधा शिक्षिकेहून अधिक; तिला त्या ओळखीला अक्षर आणि अंक जोडून द्यावयाचे होते, तेही गुरांवर एक डोळा ठेवून.