स्तूपातून घडलेलं चिनी अक्षर

बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांत 4 क्रमांकाचं लेणं चैत्यगृह आहे. आत स्तूप आहे. बौद्ध धर्माबरोबर स्तूप चीनला पोचला, तेव्हा त्यासाठी तिथं अक्षरच नव्हतं! मग नवं घडवलं: डावीकडे मातीची खूण, उजवीकडे उच्चार सुचवणारा भाग. उच्चार पाली 'थूप'सारख्या शब्दावरून आला, असं सहसा मानतात.

आज त्याचे उच्चार:
🔸 चिनी: था
🔸 जपानी: तो
🔸 कोरियन, व्हिएतनामी: थाप (शेवटचा 'प' यांनी टिकवला)

अर्थही पसरला. चिनीत आयफेल टॉवर आणि पाण्याची उंच टाकी, जपानी-कोरियनमध्ये विमानतळाचा नियंत्रण मनोरा, सगळ्यांच्या नावात हेच अक्षर.

अजिंठा-वेरूळला आलेले जपानी, कोरियन पाहुणे भेटले, तर त्यांना हे जरूर सांगा!