पाणी कोण शेंदतं?

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की वाटेत वळसंग लागतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव कानडी आणि मराठी एकाच दमात बोलणाऱ्या मुलखातलं. इथल्या दलित वस्तीतल्या माणसांनी स्वतः खपून एक विहीर खोदली आणि १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते तिचं पाणी खुलं झालं. गावच्या पाण्याला हात लावायची मुभा नसलेल्यांनी आपल्या कष्टाने आपलं पाणी काढलं.

त्या वर्षी एखादा पाहणी करणारा वही घेऊन या गावात आला असता, तर त्याने 'पिण्याच्या पाण्याच्या विहिरी' या रकान्यात एक आकडा लिहिला असता. आदल्या वर्षी आला असता तर त्याहून एकाने कमी. आकडा खरा, बेरीज बरोबर, आणि गावात काय घडलं त्यातलं वहीत काहीच नाही. विहिरी किती, या प्रश्नापाशी तो थांबला, म्हणून. पाणी कोण शेंदतं, हे त्याने विचारायला हवं होतं.

सामाजिक शास्त्रांत ज्याला वर्णनात्मक संशोधन म्हणतात, त्याचं सगळं मर्म मला या एका फरकात दिसतं. काही घडवून न पाहता, जे आहे ते जसं आहे तसं नोंदवायचं. घरोघर पाहणी, मुलाखती, निरीक्षण, एकाच गावाचा सखोल अभ्यास ही त्याची साधनं. क्रमिक पुस्तकांत या प्रकाराला खालच्या पायरीवर बसवतात: आधी वर्णन, मग कारणमीमांसा, मग सिद्धान्त. विद्यार्थीही 'नुसतं वर्णनात्मक आहे' असं ओशाळून सांगतात. मला हे मुळीच पटत नाही. नीट वर्णन करणं हेच सर्वांत अवघड काम आहे, आणि महाराष्ट्रात ते मोठ्या तोलामोलाचं झालेलं आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गाव-गाडा' १९१५चा. महसूल खात्यातल्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं गाव त्यात आहे. त्याच सुमारास पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरात घर आणि घर, तुकडा आणि तुकडा मोजत होते. त्या पाहणीचं पुस्तक १९१७ साली आलं. १७७१ साली त्या गावात सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१५पर्यंत ७ एकरांवर आली होती. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली. १०३ कुटुंबांपैकी केवळ जमिनीवर नीट भागत होतं ८ कुटुंबांचं, बाहेरची कमाई धरून आणखी २८ कुटुंबांचं. उरलेली ६७ तोट्यात. पुढे ना. वि. कानिटकरांसह त्यांनी पावसाच्या भरवशावरचं जातेगाव बुद्रुक पाहिलं. तिथे १४७ कुटुंबांपैकी १२५ तोट्यात निघाली. (पिंपळे सौदागरात आज उंच इमारती उभ्या आहेत. तिथल्या मातीचा तो हिशोब मॅनच्या पानांवर आहे म्हणूनच आपल्या हाती लागतो.)

आता वळसंगच्या विहिरीशी याचा काय संबंध? संबंध असा, की मॅनचं हे पुस्तक ताजं असतानाच ते बारकाईने वाचणाऱ्यांत तरुण भीमराव आंबेडकर होते. १९१८च्या त्यांच्या भारतातल्या लहान शेतधारणांवरच्या निबंधात ते मॅनच्या पाहणीची दखल घेतात आणि नेमकं व्याख्येवर बोट ठेवतात. सरासरी कुटुंबाचं समाधानकारक किमान राहणीमानावर भागवील तेवढी जमीन म्हणजे 'किफायतशीर' धारणा, अशी मॅनची मांडणी. बाबासाहेब म्हणतात, हे माप खाणाऱ्या तोंडांचं झालं. शेती हा उत्पादनाचा धंदा आहे, तेव्हा जमिनीला भांडवल, अवजारं, बैल किती जोडले आहेत ते पाहा. तुकडे मोजण्यात चूक नव्हती. पण रकान्याला काय नाव द्यायचं हे ठरताना निम्मा निष्कर्ष आधीच ठरून जातो, हे त्यांनी ओळखलं.

पुढे ते स्वतः अशा कामात उतरले. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२७ला महाडचा पाण्यासाठीचा सत्याग्रह झाला. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाबासाहेब आणि ठक्कर बाप्पा तिचे सदस्य. १९३०च्या तिच्या अहवालातलं वर्णन मी वर्गात नेहमी वाचायला लावते. कागदावर हक्क असून माणसं पाणवठ्यावर का जात नाहीत? अहवाल गावातली देवाणघेवाणच मांडतो. कुणी सवर्णांची जमीन त्यांच्या मर्जीवर कसतो, कुणी त्यांच्याकडे मजुरीला, कुणी गावकीच्या धान्यावर. घागर बुडवली की दुसऱ्या दिवशी बहिष्कार, काम बंद, धान्य बंद. इतकं स्वच्छ वर्णन झालं की कारण वेगळं शोधावं लागत नाही. ठरावानंतर चौदा वर्षांनीही वळसंगच्या माणसांना कुदळ का उचलावी लागली, त्याचं उत्तर या वर्णनात आहे.

हीच गोष्ट हातमागांची. सोलापूरच्या विणकर समाजांची पाहणी रा. गो. काकडे यांनी केली, गोखले संस्थेने ती १९४७ साली छापली. हातमागाच्या घरात पुरुष मागावर बसतो आणि बायको, आई, मुली कांड्या भरतात. कांडी रिकामी तर धोटा रिकामा, धोटा रिकामा तर माग बंद. पण 'आपण काय काम करता?' असं विचारलं की ती बाई सहज सांगते, 'काय नाही, घरीच असते.' जनगणनेत वर्षातले सहा महिने काम केलं तर मुख्य कामगार, त्याखाली सीमांतिक. स्वयंपाक करता करता भरलेल्या कांड्यांचे महिने कुणी मोजायचे? देशभर दिवसातला तास न् तास विचारणारी वेळ-वापर पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केली, तेव्हा कुठे अशा कामाला जागा मिळाली.

माझी स्वतःची एक फसलेली प्रश्नावली आहे. वळसंगच्याच तालुक्यातल्या एका वाडीवर मी ती घेऊन गेले होते. 'पाण्याचा स्रोत' म्हणून चार चौकोन: नळ, हापशी, विहीर, टँकर. एकावर खूण करायची. ओट्यावर ज्वारी पाखडत बसलेल्या आजींना विचारलं, पाणी कुठून आणता? सूप तसंच हातात धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

'कवाचं विचारतासा, ताई? दिवाळीचं का चैताचं?'

मी गप्प. त्यांनीच मग सांगायला घेतलं. दिवाळीपर्यंत आड. संक्रांतीनंतर हापशी, ती पण पहाटे, कारण उन्हं वर आली की दांडा हलवून हात भरून येतात. चैतात टँकर, तो आला तर. नाही आला तर लेकाच्या सासुरवाडीच्या मळ्यातून, गाडीवर कॅन बांधून. आणि आणतं कोण? टँकर येईपर्यंत सून. गाडीवर आणायचं झालं की लेक.

मी तक्त्याची मागची कोरी बाजू उलटली आणि तिथे लिहायला लागले.