लष्करी विमानांवरील राष्ट्रचिन्हे : जर्मन क्रूसापासून भारतीय त्रिवर्ण वर्तुळापर्यंत

लष्करी विमानाच्या पंखांवर व धडावर रंगविलेले राष्ट्रचिन्ह वरवर पाहता केवळ अलंकाररूप वाटते. परंतु त्याचा उगम राष्ट्राभिमानात नसून एका अत्यंत व्यावहारिक अडचणीत आहे. आकाशातील विमान आपले की शत्रूचे, हे जमिनीवरील सैनिकास क्षणार्धात ठरवावे लागते आणि त्या निर्णयात चूक झाल्यास स्वपक्षाच्याच वैमानिकाचा प्राण जातो. या चिन्हांच्या इतिहासात जे फेरबदल झाले, त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी हीच भीती आढळते.

या बाबतीत फ्रान्सने पुढाकार घेतला. १९१२ साली त्या देशाने निळे केंद्र, त्याभोवती पांढरे व सर्वांत बाहेर तांबडे अशी वर्तुळे आपल्या लष्करी विमानांसाठी निश्चित केली. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा इतर राष्ट्रांची या बाबतीत पुरेशी तयारी नव्हती. उडणाऱ्या प्रत्येक यंत्रावर गोळ्या झाडण्याची प्रवृत्ती दोन्ही बाजूंच्या पायदळात होती. म्हणून सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस जर्मनीने आपल्या विमानांवर काळा लोहक्रूस रंगविण्याचे ठरविले. टोकांकडे फाकत जाणाऱ्या बाहूंचा हा क्रूस प्रशियाच्या लष्करी परंपरेत पूर्वीपासून प्रतिष्ठा पावलेला होता. तो प्रथम पांढऱ्या चौकोनावर काढला जाई. पुढे १९१६ मध्ये चौकोनाच्या जागी क्रूसाच्या कडेने जाणारी पांढरी किनार आली.

जर्मनीच्या या निवडीचा परिणाम ब्रिटनच्या चिन्हावरही झाला. ब्रिटिश विमानांच्या पंखांखाली आरंभी युनियन जॅक हा ध्वज रंगवीत असत. त्यातील तांबडा क्रूस दुरून जर्मन क्रूसासारखा भासू लागला, आणि ब्रिटिश सैनिक आपल्याच विमानांवर गोळीबार करू लागले. तेव्हा १९१४ संपण्यापूर्वीच ब्रिटनने फ्रेंच वर्तुळांचा स्वीकार केला. मात्र रंगांचा क्रम उलटा ठेवला : केंद्र तांबडे, मध्ये पांढरा व बाहेर निळा.

१९१८ च्या वसंत ऋतूत जर्मनीने फाकत्या क्रूसाऐवजी सरळ दंडांचा क्रूस स्वीकारला. फाकलेल्या बाहूंची टोके एकमेकांजवळ येत असल्यामुळे दुरून ती आकृती वाटोळ्या ठिपक्यासारखी दिसू शकते. सरळ दंडांच्या क्रूसात हा दोष उरत नाही. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात ब्रिटिश दलातून लढणाऱ्या इंद्रलाल रॉय या भारतीय वैमानिकाने जर्मनांविरुद्ध दोन आठवड्यांच्या आत दहा विजय मिळविले, आणि २२ जुलै १९१८ रोजी त्यास वीरमरण आले. ज्या वर्तुळाखाली तो लढला, ते त्याच्या देशाचे नव्हते.

८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय वायुदलाची स्थापना झाली, तेव्हा त्याच्या विमानांवर हेच ब्रिटिश वर्तुळ आले. पुढे १९४२ साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जुनीच अडचण नव्या रूपाने उभी राहिली. जपानी विमानांवरील चिन्ह म्हणजे तांबडा सूर्यगोल होय. ब्रिटिश वर्तुळाचे तांबडे केंद्र त्याच्याशी घोटाळा निर्माण करू लागले. यास्तव या आघाडीवरील विमानांच्या चिन्हातून तांबडा रंग काढून टाकण्यात आला, आणि भारतीय तुकड्यांची विमानेही गडद व फिकट निळ्या वर्तुळांनिशी उडू लागली. अमेरिकेनेही मे १९४२ मध्ये आपल्या ताऱ्यातील तांबडा ठिपका याच कारणाने वगळला होता.

स्वातंत्र्यानंतर मात्र फेरबदलाचे कारण निराळे होते. परक्या सत्तेचे चिन्ह स्वतंत्र राष्ट्राच्या विमानांवर राहणे शक्य नव्हते. प्रथम पांढऱ्या गोलावर निळे अशोकचक्र आले. पुढे १९५० साली भारत प्रजासत्ताक झाला. वायुदलाच्या नावातील ‘रॉयल’ हा शब्द गेला, आणि केंद्रस्थानी हिरवा, मध्ये पांढरा व बाहेर केशरी असे त्रिवर्ण वर्तुळ रूढ झाले.

दृष्टिशास्त्राच्या दृष्टीने ही निवड समर्पक ठरते. निरोगी डोळ्यास दोन रेषा वेगळ्या दिसण्यासाठी त्यांच्यात सु. एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढे कोनीय अंतर लागते. एक मीटर व्यासाच्या चक्रात २४ आऱ्या काढल्यास परिघाजवळ त्यांच्यातील अंतर सु. १३ सेंटिमीटर भरते. म्हणजे सु. ४५० मीटरच्या पलीकडे त्या एकमेकींत मिसळू लागतात, आणि केंद्राकडील भाग तर त्याआधीच धूसर होतो. तेवढ्याच गोलातील तीन समान पट्टे प्रत्येकी सु. १७ सेंटिमीटर रुंद असून त्यांची रुंदी केंद्राकडे घटत नाही.

१९६४ साली नाशिकजवळील ओझर येथे स्थापन झालेल्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या मिग विमानांवर हेच त्रिवर्ण वर्तुळ होते, आणि वायुदलाच्या आकाशी निळ्या ध्वजावरही तेच आहे. आज शत्रुमित्रांची पारख मुख्यतः रडार व विद्युत्-संकेतांवर चालते. तथापि १९२३ च्या हेग येथील नियम-मसुद्याने लष्करी विमानावर राष्ट्रीयत्वदर्शक बाह्य चिन्ह असावे असे म्हटले होते. तो मसुदा कधीच बंधनकारक झाला नाही, पण त्यातील हे तत्त्व व्यवहारात टिकून राहिले. कारण विमानातून होणाऱ्या कृतीचे उत्तरदायित्व कोणत्या राष्ट्राचे, हे त्या चिन्हामुळे उघड होते.