अयूबखान : लोकमत कसे आले आणि कसे गेले

कारखान्याच्या दारातल्या सभांत आम्ही आयुष्य घालविले. पगारवाढ, बोनस, बदली कामगारांचा प्रश्न हे सारे बोलून झाले, चहा आला, की कोणी ना कोणी हमखास म्हणतो, "साहेब, या देशाला एक कडक माणूस पाहिजे. लष्करातला असला तर बेस्ट." बोलणारा माणूस वाईट नसतो. रेशनच्या रांगेत आणि कचेरीच्या पायऱ्यांवर त्याचे अर्धे आयुष्य गेलेले असते. त्याला उपदेश करून काही साधत नाही. म्हणून आम्ही त्याला शेजारच्या देशाची हकीकत सांगत आलो आहो. तीच आज श्रोत्यांपुढे जरा सविस्तर मांडतो.

हा कडक माणूस म्हणजे फील्ड मार्शल महंमद अयूबखान. ते ऑक्टोबर १९५८ मध्ये सत्तेवर आले आणि मार्च १९६९ मध्ये गेले. साडेदहा वर्षांचा कारभार. तो आरंभी लोकांना आवडला होता, ही गोष्ट आधी मान्य केली पाहिजे. ती मान्य न करता जे लोक लष्करशाहीवर बोलतात, त्यांचे बोलणे कामगाराला पटत नाही, आणि त्यात कामगाराची चूक नाही.

१९४७ ते १९५८ या अकरा वर्षांत पाकिस्तानात सात पंतप्रधान झाले. घटना तयार व्हायलाच नऊ वर्षे लागली, ती १९५६ साली लागू झाली. सार्वत्रिक निवडणूक एकदाही झाली नव्हती. सप्टेंबर १९५८ मध्ये ढाक्याच्या विधानसभेत सभासदांची मारामारी झाली, तीत उपसभापती शाहेद अली जखमी झाले आणि त्यातच वारले. ७ ऑक्टोबरला अध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी घटना गुंडाळून लष्करी कायदा पुकारला आणि सरसेनापती अयूबखानांना त्याचे मुख्य प्रशासक नेमले. पुरते तीन आठवडेही झाले नाहीत तोच, २७ तारखेला, अयूबखानांनी मिर्झासाहेबांनाच पदावरून दूर केले आणि मग लंडनला रवाना केले.

लोकांना काय दिसले? साठेबाज धरले गेले. कराचीच्या समुद्रात दडवलेले चोरटे सोने बाहेर निघाले. दुकानदारांनी घाबरून भाव उतरविले. दर्शनी भागात भावाची पाटी लागली. दूधवाला पाणी घालायला कचरू लागला. कराची शहर स्वतःलाच ओळखेना इतके झाडून निघाले. (हे कराची १९३६ पर्यंत आपल्याच मुंबई इलाख्यातले शहर. तिथल्या नगरपालिकेच्या आणि गोदीच्या वळणाची माहिती आपल्या जुन्या मंडळींना चांगली होती.) फाळणीनंतर दहा-दहा वर्षे झोपड्यांत राहिलेल्या निर्वासितांसाठी शहराबाहेर कोरंगी येथे काही महिन्यांत वसाहत उभी राहिली. ज्याला छप्पर मिळाले, तो आनंदला. त्याला आम्ही भोळा म्हणणार नाही.

मात्र भाव उतरले त्याची गंमत पाहा. स्वस्त झालेला माल लोकांनी धडाधड उचलला आणि थोड्याच दिवसांत दुकाने रिकामी पडली. भाव धाकाने उतरतो, माल धाकाने तयार होत नाही. गिरणीत मुकादमाच्या शिवीने एक पाळी चालते. महिन्याचे उत्पादन सुतावर, यंत्रावर आणि माणसाच्या पोटावर चालते. हा फरक लक्षात यायला पाकिस्तानी जनतेला वेळ लागला, कारण तो बोलून दाखवायची जागाच उरली नव्हती. संपावर बंदी आली. एप्रिल १९५९ मध्ये 'पाकिस्तान टाइम्स' आणि 'इमरोज' ही पत्रे चालविणारी कंपनी सरकारने ताब्यात घेतली. जुन्या पुढाऱ्यांसाठी वेगळा हुकूम निघाला : चौकशीला उभे राहा, नाहीतर १९६६ अखेरपर्यंत राजकारण सोडा. पुष्कळांनी सोडले. त्यांच्यासाठी कोणी रडले नाही, हेही खरेच.

एक गोष्ट मात्र त्या वेळी विसरली गेली. जुन्या घाणीत अयूबखानांचे हात नव्हते, असे नाही. १९५१ पासून ते सरसेनापती होते आणि १९५४-५५ मध्ये सरसेनापती असतानाच संरक्षणमंत्रीही होते. पण गणवेशाला डाग पटकन दिसत नाही.

आता शिपायाचा अध्यक्ष कसा झाला ते सांगू, कारण आमच्या मते सगळी मेख तिथे आहे. अयूबखानांचे म्हणणे असे की, आमची जनता अडाणी आहे, तिला पाश्चात्त्य तऱ्हेची लोकशाही झेपत नाही. तिला कळेल अशी लोकशाही देऊ. १९५९ मध्ये त्यांनी 'मूलभूत लोकशाही' काढली. गावोगाव आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांत लोकांनी सभासद निवडायचे, पूर्वेला ४० हजार, पश्चिमेला ४० हजार. रस्ता, मोरी, शाळा यांचे काम या सभासदांकडे, आणि त्यांच्यावर देखरेख सरकारी अधिकाऱ्याची. इथवर ठीक. पण फेब्रुवारी १९६० मध्ये याच ८० हजारांना विचारण्यात आले की, अध्यक्षांवर तुमचा विश्वास आहे काय? ९५ टक्क्यांहून अधिकांनी होकार दिला. विरुद्ध उमेदवारच नव्हता. पुढे १९६२ ची घटना अयूबखानांनी स्वतः दिली आणि तीत अध्यक्ष निवडण्याचा हक्क कायमचा या ८० हजारांच्या हाती ठेवला.

ज्यांनी बॉयलरवर काम केले आहे त्यांना हे लगेच समजेल. बॉयलरला वाफेचा दाब दाखविणारा काटा असतो. काटा तांबड्या रेघेवर गेला की आत काय चालले आहे ते कळते. अयूबखानांनी काटा आपल्या हाताने बांधून टाकला. ज्या सभासदाला रस्त्याचे काम, त्याचे पैसे आणि साहेबाची ओळख वरून मिळते, तो वर काय कळविणार? सारे कुशल आहे, हेच.

तरी १९६५ पर्यंत कारभार जोरात दिसला, आणि काही बाबतीत तो खरोखर जोरात होता. राष्ट्रीय उत्पन्न दरवर्षी पाच टक्क्यांच्या वर वाढत होते, कारखानदारी त्याहून कितीतरी वेगाने. १९६० मध्ये सिंधू नदीच्या पाण्याचा करार झाला, त्यावर कराचीत नेहरूंनी आणि अयूबखानांनी सह्या केल्या. तो पुढच्या युद्धांतूनही टिकून राहिला. १९६१ च्या कायद्याने दुसऱ्या लग्नाला आणि मनमानी तलाकाला काही लगाम बसला. मुल्लामौलवी खवळले, पण बायकांच्या दृष्टीने ते पाऊल पुढचे होते, आणि ते आम्ही पुढचेच म्हणू.

मग अडले कुठे? वाटणीत अडले. जमीनधारणेची मर्यादा घातली ती बागायतीला ५०० एकर आणि जिरायतीला १००० एकर! आपल्याकडचा शेतकरी हा आकडा ऐकून हसेल. कारखाने वाढले, पण ते मूठभर घराण्यांचे. एप्रिल १९६८ मध्ये सरकारच्याच नियोजन मंडळातील अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांनी कराचीत जाहीरपणे सांगितले की, २२ घराण्यांच्या हाती देशातील दोन-तृतीयांश उद्योग आणि बँका-विम्याचा बहुतेक धंदा आहे. आकडा लोकांच्या तोंडी बसला. त्यातच अध्यक्षांचा मुलगा सैन्य सोडून सासऱ्यांबरोबर मोटारींच्या कारखानदारीत उतरला होता. संपबंदी मालकाला भांडवलाइतकीच मोलाची असते. कामगाराची मजुरी महागाईमागे धापा टाकत होती आणि त्याला तोंड उघडायची सोय नव्हती.

पूर्व पाकिस्तानची कथा याहून कडू. ताग तिथला, परकीय चलन तागाचे, आणि कारखाने उभे राहात पश्चिमेला. दशकाच्या आरंभी पश्चिमेचे दरडोई उत्पन्न पूर्वेपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी अधिक होते, अखेरीस ते अंतर ६० टक्क्यांवर गेले. ढाक्याचे विद्यार्थी १९६२ पासूनच रस्त्यावर होते.

दाबाचा काटा बांधलेला असूनही एकदा हलला. २ जानेवारी १९६५ च्या निवडणुकीत अयूबखानांविरुद्ध फातिमा जिना उभ्या राहिल्या. तरुणपणी मुंबईत दातांचा दवाखाना चालविलेल्या या बाई तेव्हा ७१ वर्षांच्या होत्या. त्यांचे चिन्ह कंदील, अयूबखानांचे गुलाबाचे फूल. बाईंच्या सभांना लोटलेली गर्दी पाहून सरकार चपापले. मते मात्र ८० हजारांचीच मोजायची होती. अयूबखानांना सुमारे ५० हजार मते मिळाली, बाईंना २९ हजारांच्या आतबाहेर. म्हणजे वरून रस्त्याचे पैसे येत असतानाही तिघांतल्या एकाहून अधिक सभासद विरुद्ध गेले. कराची आणि ढाका ही दोन्ही मोठी शहरे बाईंच्या बाजूने होती. शहाण्या राज्यकर्त्याने त्या रात्री झोप घेतली नसती. कराचीत विजयाची मिरवणूक निघाली आणि तिच्यापाठोपाठ दंगल होऊन माणसे मेली.

त्याच वर्षी सप्टेंबरात भारताशी युद्ध झाले. आपले संरक्षणमंत्री तेव्हा यशवंतराव चव्हाण होते, हे सांगायला नकोच. लढाईच्या दिवसांत अयूबखानांची लोकप्रियता शिगेला पोचली. पण पत्रांनी लोकांना विजयाच्याच बातम्या दिल्या होत्या. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंदचा करार झाला आणि सैन्य मागे घ्यायचे ठरले, तेव्हा लोकांनी विचारले, जिंकलो होतो तर हे काय? लाहोरात विद्यार्थ्यांवर गोळी चालली. पूर्वेकडे वेगळाच प्रश्न उठला : लढाईत आमच्या रक्षणाला होते कोण? फेब्रुवारीत शेख मुजीबुर रहमान यांनी सहा कलमी मागणी मांडली. जूनमध्ये परराष्ट्रमंत्री भुट्टो बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःचा पक्ष काढला.

१९६८ च्या आरंभी अयूबखान मरणाच्या दारातून परत आले. आजाराचे खरे स्वरूप लोकांपासून लपविले गेले. आणि त्याच वर्षी सरकारने 'विकासाचे दशक' साजरे करायचे काढले. कमानी, प्रदर्शने, पुरवण्या. नेमकी त्याच सुमारास साखर दुर्मिळ आणि महाग झाली. घरात चहाला साखर नाही आणि भिंतीवर विकासाची जाहिरात! अयूबखानांना 'चिनीचोर' म्हणण्यात येऊ लागले. ज्याने साठेबाज धरून राज्य मिळविले, त्याच्या कपाळी साखरचोरीचा शिक्का बसला.

७ नोव्हेंबर १९६८ ला रावळपिंडीत पोलिसांच्या गोळीने एक विद्यार्थी मेला. सरहद्दीवरून आणलेला माल जप्त केल्यावरून ही तक्रार सुरू झाली होती. कारण असे क्षुल्लक. तिथून वणवा पेटला. आधी विद्यार्थी, मग वकील, डॉक्टर, कारकून. ढाक्यात जानेवारीत गोळीबार झाले, फेब्रुवारीत कैदेतला एक आरोपी आणि राजशाहीचा एक प्राध्यापक मारले गेले. २१ फेब्रुवारीला अयूबखानांनी जाहीर केले की, आपण पुन्हा उभे राहणार नाही. १३ मार्चला प्रौढ मतदानही कबूल केले. पण तोवर गिरणी कामगार, रेल्वे कामगार, गोदी कामगार उठले होते. दहा वर्षे साठलेले मागणे एका महिन्यात बाहेर आले : घेराव, संप, पगारवाढ. सवलत उशिरा दिली की तिचे मोल राहात नाही, हे आमच्या धंद्यातले रोजचे ज्ञान आहे. मालकांना ते दर करारात नव्याने शिकवावे लागते.

२५ मार्च १९६९ ला अयूबखानांनी सत्ता सरसेनापती याह्याखानांच्या हाती दिली. त्यांच्याच घटनेप्रमाणे ती राष्ट्रीय सभेच्या सभापतीकडे जायला हवी होती, आणि सभापती होते पूर्व पाकिस्तानचे. याह्याखानांनी आल्याबरोबर घटना रद्द केली. पण कामगारांनी जे उठून दाखविले त्याची दखल त्यांनाही घ्यावी लागली. त्याच वर्षी नवा औद्योगिक कायदा झाला आणि कराचीत किमान वेतन १४० रुपये ठरले. दहा वर्षांच्या शांततेने जे दिले नव्हते, ते पाच महिन्यांच्या गडबडीने दिले.

अयूबखान एप्रिल १९७४ मध्ये वारले. तोपर्यंत पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला होता. पुढे पाकिस्तानच्या रस्त्यांवर एक वेगळीच गोष्ट दिसू लागली. मालवाहू ट्रकांच्या मागच्या फळीवर रंगारी अयूबखानांचे गणवेशातले चित्र काढू लागले आणि खाली, तू गेल्यावर तुझी सय आली, अशा अर्थाची ओळ. हा जुना पाठिंबा परत आला, असे आम्हांला वाटत नाही. नंतरच्या राज्यांत जे भोगले, १९७७ नंतरची झियांची लष्करशाही धरून, त्याच्याशी केलेली ती तुलना आहे. हे ट्रक चालविणाऱ्यांतल्या पुष्कळांनी अयूबखानांचा काळ पाहिलेलाही नव्हता.